तीच होडी, सहा वेळा : हिरोशी योशिदांचं मुद्राचित्र कसं पाहावं, ओळखावं आणि सांभाळावं

जपानी मुद्राचित्र, म्हणजे लाकडी ठशांवरून कागदावर छापलेलं चित्र, म्हटलं की डोळ्यांसमोर होकुसाईची ती प्रचंड लाट येते. ती मग, टी-शर्ट, मोबाइलचं कव्हर असं सगळीकडे पाहून इतकी सवयीची झालीय की नवख्या माणसाने तिच्यापासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. त्यापेक्षा हिरोशी योशिदांची शिडाची होडी घ्या. जपानीत चित्राचं नाव 'हान्सेन', म्हणजे शिडाचं जहाज. साल १९२६. जपानच्या बेटांमधल्या सेतो अंतर्गत समुद्रावरच्या मालिकेतलं हे चित्र. शांत पाणी, पुढे एक मोठी होडी, तिचं उंच शीड आणि पाण्यातलं प्रतिबिंब, मागे आणखी होड्या. बस्स. तरी मुद्राचित्र म्हणजे काय, ते या एका चित्रावरून जितकं कळतं तितकं पुस्तकांच्या गठ्ठ्यातून कळणार नाही.

हा लेख दोन तऱ्हेच्या लोकांसाठी आहे : ज्यांना ही चित्रं नुसती नीट पाहायची आहेत, आणि ज्यांना एखादी प्रत विकत घ्यावीशी वाटतेय पण फसण्याची भीती आहे. पहिल्या चार पायऱ्या दोघांसाठी. पुढच्या तीन पायऱ्या खिशात हात घालणाऱ्यांसाठी, शेवटची पुन्हा दोघांसाठी.

पायरी १ : सहाही एकत्र उघडा

योशिदांनी ही होडी लाकडी ठशांच्या एकाच संचातून वेगवेगळ्या रंगांत छापली : सकाळ, दुपारच्या आधीची वेळ, दुपार, धुकं, संध्याकाळ आणि रात्र. ठसे तेच, बदलला तो फक्त रंग आणि तो लावण्याचा हात.

शिकागो, मिनियापोलिस, बोस्टन इथल्या कलासंग्रहालयांच्या संकेतस्थळांवर योशिदांची चित्रं मोठ्या आकारात पाहता येतात. शोधताना इंग्रजीत कलाकाराचं नाव आणि 'सेलिंग बोट्स' एवढं टाकलं तरी पुरे. जपानी मुद्राचित्रांसाठीच बनवलेलं उकियो-ए डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ अनेक संग्रहांतली चित्रं एकाच ठिकाणी दाखवतं, शिवाय तुम्ही फोटो दिलात तर त्याच्याशी जुळणारं चित्र शोधूनही देतं. योशिदा १९५० मध्ये गेले. आपल्याकडे कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, त्यामुळे ही चित्रं स्वतःसाठी उतरवून घ्यायला अडचण नाही.

सहाही प्रतिमा संगणकावर शेजारी शेजारी लावा. मोबाइलवर हा खेळ जमत नाही. आता पुढच्या होडीच्या शिडाची कडा बघा. सकाळच्या चित्रात ती कडा उजेडाच्या विरुद्ध उभी आहे आणि ठसठशीत दिसते. धुक्याच्या चित्रात मागच्या होड्या जवळजवळ विरघळून गेल्यात. पण रेघा मोजायला गेलात तर त्या तशाच आहेत. धुकं कोरलेलं नाही, छापलेलं आहे. एवढं एक कळलं तरी आजचा दिवस वाया गेला नाही असं समजा.

पायरी २ : माणूस जाणून घ्या, पण थोडक्यात

जन्म १९ सप्टेंबर १८७६, क्युशू बेटावरच्या कुरुमे गावात. मूळ आडनाव उएदा. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना, कासाबुरो योशिदांना, मुलाच्या हातातली कला दिसली आणि त्यांनी त्याला दत्तक घेतलं. पुढे क्योतो, मग तोक्यो. शिक्षण सगळं पाश्चात्त्य पद्धतीचं, जलरंग आणि तैलरंगांचं. मुद्राचित्राशी संबंध नाही.

१८९९ मध्ये हा तेवीस वर्षांचा तरुण हाचिरो नाकागावा या मित्राबरोबर अमेरिकेला निघाला. डेट्रॉइटच्या संग्रहालयात जलरंगांचं प्रदर्शन भरलं, चित्रं चांगली विकली गेली आणि पुढच्या प्रवासाची सोय झाली. १९०३ ला पुन्हा दौरा. या वेळी बरोबर फुजिओ होती, त्याच योशिदा घराण्यातली, स्वतः चांगली चित्रकार. परतल्यावर १९०७ मध्ये दोघांचं लग्न झालं.

मुद्राचित्रांकडे योशिदा वळले ते चाळिशी ओलांडल्यावर. तोक्योचे प्रकाशक शोझाबुरो वातानाबे जुन्या उकियो-ए पद्धतीला (जपानच्या परंपरागत मुद्राचित्रांना उकियो-ए म्हणतात) नव्या चित्रकारांकडून नवा जन्म देऊ पाहत होते. या चळवळीला 'शिन-हांगा' म्हणतात, म्हणजे नवी मुद्राचित्रं. १९२० मध्ये वातानाबेंसाठी योशिदांनी पहिलं चित्र दिलं आणि १९२१ मध्ये शिडाच्या होड्या. हो, याच होड्या, लहान आकारात, दिवसाच्या तीन वेळांच्या.

मग १ सप्टेंबर १९२३. तोक्योच्या परिसरातला, कांतोचा मोठा भूकंप आणि त्यामागून लागलेली आग. वातानाबेंच्या दुकानातले ठसे आणि प्रतींचा साठा जळून गेला. योशिदा चित्रं घेऊन पुन्हा अमेरिकेला गेले आणि तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली : जुन्या जपानी मुद्राचित्रांच्या अगदी सुमार प्रतीसुद्धा लोक आवडीने घेतायत. परतल्यावर १९२५ मध्ये त्यांनी स्वतःचा छापखाना थाटला, कोरणारे आणि छापणारे कारागीर पदरी ठेवले आणि प्रकाशकाला मधून काढून टाकलं. पुढच्याच वर्षी जळून गेलेली होडी मोठ्या आकारात, सहा रूपांत परत आली. चित्राची उंची सुमारे ५१ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे ३६, म्हणजे नेहमीच्या जपानी मुद्राचित्रापेक्षा बरीच मोठी.

बाकी चरित्र हवं तर वाचा, नाही वाचलं तरी चालेल. एक मात्र लक्षात ठेवा, हा माणूस पक्का गिर्यारोहक होता. होताका डोंगरावरून धाकट्या मुलाचं नाव होदाका ठेवण्याइतका. डोंगरात तंबू ठोकून हव्या त्या उजेडाची वाट पाहत बसणाऱ्या माणसाला एकच होडी सहा वेळा का छापावीशी वाटली, हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ३ : कसं छापतात ते डोळ्यांना शिकवा

ठशांचं छापकाम आपल्याला नवं नाही. साडीवर, चादरीवर ठसा आपटताना आपण पाहिलेला असतो. इथे उलट आहे. ठसा पालथा नाही, उताणा. त्यावर ओला रंग ब्रशने लावायचा, वर किंचित दमट कागद ठेवायचा आणि कागदाच्या पाठीवरून बारेनने घासायचं. बारेन म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेली चपटी गोल गादी, तळहातात मावेल एवढी. यंत्र नाही, दाब फक्त हाताचा.

ठसे रानचेरीच्या लाकडाचे. आधी रेघांचा मुख्य ठसा कोरतात, मग रंगांचे. प्रत्येक ठशाच्या कडेला दोन खाचा असतात, एक कोपऱ्यात आणि एक बाजूवर. कागद दर वेळी त्याच खाचांत टेकवायचा, म्हणजे तिसाव्या छपाईलाही रंग आपल्या जागी बसतो. या खुणांना 'केन्तो' म्हणतात. रंगात थोडी तांदळाची खळ घालतात. कागद कोझो नावाच्या झुडपाच्या सालीच्या तंतूंचा असतो आणि शाई फुटू नये म्हणून त्याला सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं असतं.

जुन्या उकियो-ए चित्रांना साधारण दहा-वीस छपाया पुरत. योशिदांच्या चित्रांना सरासरी तिसाच्या वर लागत. निक्कोच्या योमेई दरवाजाच्या १९३७ मधल्या चित्राला तर ९६ लागल्या. म्हणजे एकच कागद शहाण्णव वेळा उचलून शहाण्णव वेळा त्या खाचांत टेकवला गेला. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईतली चूक वाटली होती.

आता होडीच्या चित्रावर परत या आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, रंग कुठे हळूहळू विरत जातो. आकाशात वरून खाली, पाण्यात मध्यापासून कडेकडे. याला 'बोकाशी' म्हणतात. ठशावर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला रंग घेऊन ब्रश फिरवतात. दर कागदाला हे नव्याने करावं लागतं, म्हणून दोन प्रतींचं आकाश कधीच तंतोतंत सारखं नसतं.

दुसरी, सावल्या. योशिदा करड्या रंगाचे वेगळे ठसे भरपूर वापरत. रंगांवर पातळ करडा थर चढला की चित्राला जलरंगासारखी खोली येते. जुन्या उकियो-एचे सपाट रंग इथे का दिसत नाहीत, त्याचं मोठं कारण हे.

तिसरी, रेघांचा रंग. काळ्या रेघा अपेक्षित असतील तर फसाल. बऱ्याच ठिकाणी रेघ निळसर किंवा तपकिरी असते, त्यामुळे ती बाह्यरेषा न वाटता आकारातच मिसळते.

पायरी ४ : कड वाचा

नवखे लोक चित्र बघतात, जाणते आधी भोवतालचा पांढरा कागद बघतात. माझी पहिली प्रत मी एका फ्रेमवाल्याकडे दिली. त्याने ती फ्रेममध्ये 'नीट बसावी' म्हणून चारही कडा सफाईने कापून दिल्या. वर कौतुकाने म्हणाला, आता बघा कसं भरल्यासारखं दिसतंय. त्या कापलेल्या पट्ट्यांबरोबर काय गेलं, ते मला वर्षभराने कळलं.

डाव्या कडेवर चित्राचं जपानी नाव आणि साल उभ्या ओळीत छापलेलं असतं. त्याच कडेवर, बहुधा वरच्या बाजूला, दोन अक्षरांचा एक छोटा शिक्का असतो : 'जिझुरी'. अर्थ, स्वतः छापलेलं. पहिलं अक्षर ओळखायला सोपं आहे : उभा चौकोन, आत दोन आडव्या रेघा आणि माथ्यावर एक लहान तिरपा फटकारा. शिडीच्या तुकड्याला तुरा लावल्यासारखं दिसतं. योशिदा प्रत्येक कागद स्वतः घासत होते असा याचा अर्थ नाही. त्यांनी काही ठसे स्वतः कोरले आणि छपाईही त्यांना उत्तम येत होती, पण नेहमीचं काम पगारी कारागीर त्यांच्या नजरेखाली करत. हा शिक्का म्हणजे 'माझ्या देखरेखीखाली निघालेली प्रत' अशी ग्वाही. बहुतेक हयातीतल्या प्रतींवर तो असतो.

खालच्या कडेवर डावीकडे पेन्सिलने इंग्रजी नाव आणि उजवीकडे पेन्सिलने रोमन लिपीत सही, ही परदेशी गिऱ्हाइकांसाठीची खूण. जपानात विकलेल्या काही प्रतींवर पेन्सिलची सही नसते, त्यामुळे तेवढ्यावरून प्रत बाद करू नका. चित्राच्या आत ब्रशच्या वळणाची वेगळी जपानी सही आणि लाल शिक्का असतो, पण तो ठशातूनच येतो, म्हणून त्यावरून प्रत केव्हाची हे ठरत नाही.

योशिदा गेल्यानंतर त्यांच्या कुटुंबाने त्याच ठशांवरून प्रती काढल्या. त्यांवर जिझुरीचा शिक्का नसतो आणि खाली पेन्सिलऐवजी सहीचा छाप असतो. फरक कळायला कागद किंचित तिरका धरा. पेन्सिलीची रेघ उजेडात चकाकते, कुठे दाट कुठे फिकी होते. छापलेली सही सगळीकडे सारख्याच रंगाची आणि निर्जीव. नंतरच्या या प्रती खोट्या नाहीत. ठसे खरे, हातछपाई खरी, फक्त त्या कलाकाराच्या नजरेखालून गेलेल्या नाहीत. किंमत बरीच कमी असते आणि भिंतीवर लावून रोज पाहायला एखादी हवी असेल तर मी नवख्याला तीच घ्यायला सांगेन.

साल वाचायचं सूत्र सोपं आहे. जपानी सालं सम्राटाच्या कारकिर्दीवर चालतात. तैशो असेल तर आकड्यात १९११ मिळवा, शोवा असेल तर १९२५. होडीवर तैशो १५ आहे, म्हणजे १९२६. तैशोचं पहिलं अक्षर हातपाय पसरून उभ्या माणसासारखं दिसतं. जपानी दहा म्हणजे बेरजेचं चिन्ह, आणि एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. पाच-सहा अंक पाठ केलेत की काम भागतं.

इथे सगळेच एकदा तरी अडखळतात : छापलेलं साल हे चित्र तयार झाल्याचं साल आहे, तुमच्या हातातली प्रत छापल्याचं नव्हे. कुटुंबाने मागाहून काढलेल्या प्रतीवरही तैशो १५ असतंच. विक्रेता 'बघा, १९२६ लिहिलंय' म्हणाला तर तो खोटं बोलत नसेल, पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

पायरी ५ : कागद पालथा करा

हातात प्रत आली, किंवा विक्रेत्याकडून फोटो मागवायचे असले, तर पाठ बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. हाताने छापलेल्या चित्रात रंग तंतूंमध्ये मुरतो, मागून त्याची सावली दिसते आणि बारेन फिरल्याच्या गोलसर खुणा असतात. पाठ कोरी करकरीत असेल तर शंका घ्या.

दुसरी चाचणी भिंगाची. सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. ऑफसेटवर छापलेल्या नकलेत रंगांचे बारीक ठिपके जाळीसारखे दिसतात. लाकडी ठशाच्या छपाईत ठिपके नसतात, सलग रंग असतो आणि त्यात कागदाचे तंतू दिसतात. या एका भिंगाने निम्म्या फसवणुकी तिथल्या तिथे संपतात.

पायरी ६ : घेण्याआधी विचारायचे प्रश्न

विक्रेत्याला लाजू नका. चांगला विक्रेता या प्रश्नांनी खूश होतो, वाईट चिडतो, म्हणजे तीही एक चाचणीच. चित्र माउंटमधून (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून) बाहेर काढून चारही कडांसह फोटो मागा. कडा पूर्ण आहेत की छाटल्यात, जिझुरी आहे का, सही पेन्सिलची आहे का, पाठीला चिकटपट्टीचे डाग आहेत का, रंग उडालेत का, हे एकेक विचारा. जुन्या माउंटच्या खिडकीभोवती तपकिरी चौकट उमटलेली असते. ती दिसली तर आतल्या भागाचा रंगही उन्हाने खाल्ला आहे असं धरून चाला. निळा आणि जांभळा आधी तपासा, आकाशाची वरची पट्टी मळकट दिसली की मी हात आखडता घेतो.

परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्यूटी आणि विम्यासकट एकूण आकडा आधी मांडा. आणि गुंडाळी करून नळकांड्यात पाठवू नका, सपाट पाठवा, असं लिहून सांगा.

पायरी ७ : घरी आणल्यावर

आपल्या हवेत कागदाचा खरा शत्रू पावसाळा. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंतीवर, जिला ओल येते, तिथे चित्र लावूच नका. आतल्या भिंतीवर, खिडकीच्या समोर नाही, आणि फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून जरा दूर, म्हणजे वारा खेळतो.

फ्रेमवाल्याला तीनच गोष्टी कागदावर लिहून द्या (तोंडी सांगून उपयोग नाही, मी अनुभवाने सांगतोय) : कापायचं नाही, चिकटवायचं नाही, लॅमिनेट करायचं नाही. माउंटबोर्ड आम्लविरहित हवा. चित्र वरच्या दोन टोकांना जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाची खळ वापरून टांगायचं. सेलोटेप आणि फेव्हिकॉल दोन्ही बाद. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी राहिली पाहिजे. अतिनील किरण अडवणारी काच परवडली तर उत्तम. रंग पाण्यातले आहेत, त्यामुळे ओल्या फडक्याने 'जरासं पुसणं' म्हणजे चित्र पुसणं. तपकिरी ठिपके पडले किंवा कसर लागली तर घरगुती उपाय नकोत, कागदाचं जतन करणाऱ्या जाणकाराकडे जा.

दोन चित्रं असतील तर दर काही महिन्यांनी आलटून पालटून लावा. एकाला अंधारात विश्रांती मिळते आणि तुम्हालाही ते परत नवं वाटतं.

पायरी ८ : होडीनंतर काय पाहाल

१९२६ पासूनची फुजीची चित्रं आणि १९२६ चीच जपानी आल्प्सची बारा चित्रं. त्याच वर्षीचं 'चमकता समुद्र' पाहा, पाण्यावरचा उजेड असा फार थोड्यांना छापता आलाय. इंग्लंडच्या युवराज्ञी डायनाच्या केन्सिंग्टन पॅलेसमधल्या कामाच्या खोलीत योशिदांची चित्रं लावलेली होती, त्यांतलं हे एक. परदेशी विषयांत १९२५ चा स्फिंक्स घ्या, दिवसाचा आणि रात्रीचा. मॅटरहॉर्न शिखराचीही अशीच जोडी आहे. होडीची युक्ती तुम्हाला लगेच ओळखू येईल.

आणि मग आपल्याकडे या. १९३० च्या अखेरीस योशिदा थोरल्या मुलाला, एकोणीस वर्षांच्या तोशीला, बरोबर घेऊन भारतात आले. दार्जिलिंगहून दिसणारी कांचनगंगा, उदयपूरचे पाण्यातले महाल, सांचीचं तोरण, फत्तेपूर सिक्री, काशीचे घाट, अमृतसरचं सुवर्णमंदिर हे सगळं १९३१-३२ च्या मुद्राचित्रांत आहे. ताजमहालाची चित्रं क्रमांक घालून आहेत : पाचवं पहाटेच्या धुक्यातलं, सहावं रात्रीचं. शिवाय अजिंठा आणि वेरूळही आहेत. त्या काळी अजिंठा-वेरूळ निजामाच्या राज्यात होतं, आणि जपानी चित्रकारांना बौद्ध लेण्यांची ओढ असणं साहजिक होतं.

अजिंठा-वेरूळची ही चित्रं शोधून काढा, कडेवरचं साल वाचा. शोवा ६ किंवा ७ असेल, मिळवा १९२५. मग पुढच्या वेळी वेरूळला जाल तेव्हा लेण्यात शिरून लगेच मोबाइल काढू नका. एकाच खांबासमोर सकाळी एकदा उभे राहा आणि ऊन फिरल्यावर पुन्हा एकदा, आणि ठसे तेच ठेवून कोणता रंग बदलावा लागेल, ते मनात ठरवून बघा.